विल्फचा राहिलेला डाव

शुक्रवारी टेंटर गल्लीतल्या डायर्स पबमध्ये जायचं म्हणताय ना? जा की. मी कोण अडवणारा? चांगलं केलंय म्हणतात आता. बटाट्याच्या सहा फोडी लाकडी फळीवर मांडतात, वर कसलीशी डहाळी खोचतात आणि माणसं वर तोंड करून कौतुक करतात. खा, प्या, मजा करा. फक्त खिडकीजवळचं टेबल घेऊ नका.

का ते सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही. आणि शर्वरी, जिन्यातला तो दिवा राहू दे.

क्लिफर्ड एंटविसल आमच्या रॉचडेलच्या बस डेपोत मेकॅनिक होता. मी ड्रायव्हर. त्याने जोडलेले ब्रेक मी एकवीस वर्षं दाबले, म्हणजे माझा त्याच्यावर किती विश्वास ते समजून घ्या. माणूस थापा मारणारा नव्हता. उलट असा रुक्ष की बायको गेल्याचंही त्याने आम्हाला रजेच्या अर्जावरून कळू दिलं. त्याने हे मला सांगितलं ते इथेच, या स्वयंपाकघरात, तू बसलायस त्या खुर्चीत बसून. घडल्यानंतर तिसऱ्या दिवशी.

तारीख सतरा नोव्हेंबर, साल दोन हजार बावीस, वार गुरुवार. सकाळी अकराच्या सुमारास क्लिफचा फोन वाजला. न्यूझीलंडहून जॅनिस बोलत होती. विल्फ ऑग्डनची मुलगी.

"क्लिफकाका, एक काम होतं. डायर्स पुन्हा उघडलंय ना? तळघरात सापडलेल्या जुन्या वस्तूंचे फोटो त्यांनी इंटरनेटवर टाकलेत. त्यात बाबांची डॉमिनोची पेटी आहे. झाकणावर नाव कोरलेलं आहे. तेवढी आणून मला पोस्टाने पाठवाल का? तुमच्याशिवाय कोणाला सांगू? तुम्ही त्यांचे जोडीदार."

जोडीदार, ते खरं. तीस वर्षं तो आणि विल्फ डायर्सच्या संघातून जोडीने डॉमिनो खेळले. दर गुरुवारी, नऊच्या ठोक्याला, खिडकीजवळच्या टेबलावर, समोरासमोर. पण शेवट काय झाला ते त्या पोरीला कोणी सांगितलेलं नव्हतं.

डॉमिनो तुम्हाला माहीत असेल, नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. ठिपक्याला ठिपका जुळवून सोंगट्या लावत जायच्या. आपल्याकडे लावण्यासारखी सोंगटी नसली तर बोटांच्या सांध्यांनी टेबलावर दोनदा ठोकायचं. टक, टक. म्हणजे माझ्याकडे काही नाही, पुढे चला. तोंडाने बोलायचं नाही. आणि हातात लागणारी सोंगटी असताना ठोकलं, तर ती लबाडी.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये लीगचा अंतिम सामना होता. समोरच्या संघाचा कप्तान विल्फचा मेव्हणा. मोक्याच्या क्षणी टेबलावर सहा ठिपके उघडे होते आणि विल्फने ठोकलं. टक, टक. डाव गेला, चषक गेला. शेवटी सोंगट्या उलट्या केल्या, तर विल्फच्या हातात सहा-सहाची सोंगटी.

"मला दिसली नाही रे," विल्फ म्हणाला.

क्लिफ भर गर्दीत उभा राहिला. "बारा ठिपके, लेका. बारा. दिसले नाहीत तुला? की मेव्हण्याच्या घरी रविवारचं जेवण ठरलंय?"

सगळं डायर्स हसलं. विल्फ उठला, कोट घातला, बाहेर गेला. परत आला नाही. पुढच्या जानेवारीत तो आपल्या स्वयंपाकघरात पडलेला सापडला, चौथ्या दिवशी. क्लिफचं घर त्याच्यापासून चार दारं सोडून. दहा महिन्यांत त्याने एकदाही विल्फचं दार वाजवलं नव्हतं.

फोन ठेवता ठेवता जॅनिस म्हणाली, "बाबांनी कोणाला कळू दिलं नाही, पण तुम्हाला माहीत असेलच. शेवटची दोन-तीन वर्षं त्यांना समोरचं दिसायचंच नाही. जिथे बघावं तिथे मधोमध धुकं. कडेकडेचं तेवढं दिसायचं. तरी डॉमिनोला जायचे. म्हणायचे, क्लिफ सांभाळून घेतो."

क्लिफ हो म्हणाला. फोन खाली ठेवला आणि दुपारपर्यंत त्याच खुर्चीत बसून राहिला.

आता आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. डायर्समध्ये एक रीत होती. संघातला कोणी मेला की पुढच्या गुरुवारी त्याच्याही सोंगट्या वाटायच्या, सात, पालथ्या. त्याची पाळी आली की त्याच्या जोडीदाराने त्याच्या नावाने ठोकायचं. टक, टक. याच्याकडे काही नाही, पुढे चला. असा एक डाव पुरा खेळला की गेलेला माणूस सुटला. त्याच्या सोंगट्या उचलून बघायच्या नाहीत, लावायच्या तर मुळीच नाहीत. सोंगटी लावतो तो जिवंत माणूस. मेलेल्याने फक्त पाळी सोडायची.

विल्फच्या वेळी म्हातारी मालकीण एडनाने सोंगट्या वाटल्या आणि सगळे क्लिफची वाट बघत बसले. क्लिफ लाजेने घरीच राहिला. पब बंद करायची वेळ झाली तेव्हा एडनाने सोंगट्या पेटीत भरल्या आणि म्हणाली, "याचं राहिलं." तीन वर्षांनी डायर्सला कुलूप लागलं.

तर त्या गुरुवारी रात्री सव्वाआठला क्लिफ टोपी चढवून निघाला. पेटी आणायची होती, ते एक. आणि विल्फचं राहिलेलं उरकून टाकायचं होतं. चौदा वर्षं उशिरा का होईना, त्याच्या नावाने ठोकायचं, माफी मागायची आणि मोकळं व्हायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

डायर्सचं दार त्याने ढकललं आणि क्षणभर वाटलं, चुकून शेजारच्या घरात शिरलो. तीन खोल्यांची एक खोली केलेली. पूर्वी बायकांना बसायला वेगळी खोली होती, तिची भिंत गेली होती, कोळशाची शेगडी गेली होती. छताला कुंड्या लोंबत होत्या. सगळीकडे राखाडी रंग. पूर्वी आत शिरलं की तंबाखू, ओले कोट आणि सांडलेली बिअर यांचा मिळून एक वास यायचा. आता लिंबाचा येत होता.

काउंटरमागे तिशीची एक मुलगी होती, ब्रायनी. नव्या मालकांनी तिलाच सगळं सोपवलेलं.

"टेबल बुक केलंय का?" तिने विचारलं.

"पोरी, मी या जागेत सतराव्या वर्षापासून येतोय. तेव्हा टेबल पकडून ठेवायला टोपी पुरायची."

"बसा ना, बसा. आज पावसामुळे फारसं कोणी नाही. ऑर्डर फोनवरून द्यायची, टेबलावर तो चौकोन आहे ना, त्याचा फोटो काढायचा."

"माझा फोन भिंतीला लावलेला आहे."

ब्रायनी हसली. "मग तोंडाने सांगा."

"बिटर द्या अर्धा ग्लास. आपली जुनी कडवट बिअर."

"बिटर नाही. आंब्याच्या वासाची चालेल?"

"बिअर मागतोय मी, चटणी नाही."

शेवटी तिने काळी बिअर काढून दिली आणि त्याने मागितल्यावर काउंटरखालून पेटी आणली. झाकणावर तापल्या सळईने कोरलेलं: विल्फ्रेड ऑग्डन. क्लिफने ती दोन्ही हातांनी घेतली. खिडकीजवळ नवंकोरं टेबल होतं, फिक्या लाकडाचं, गुळगुळीत. जुनं कधीच गेलेलं. पण जागा तीच. तो आपल्या बाजूला बसला. समोरची खुर्ची रिकामी.

नऊला पाच कमी होते. कोपऱ्यातलं एक जोडपं उठून गेलं. ब्रायनी म्हणाली, "तळघरात पिंप बदलून येते. दहा मिनिटं लागतील. कोणी आलं तर सांगा हं."

ती खाली गेली. क्लिफने पेटी उघडली. सोंगट्या पालथ्या पसरल्या, हाताने फिरवल्या. हाडासारखा तो खडखड आवाज ऐकून त्याला बरं वाटलं, असं म्हणाला. सात समोर सरकवल्या. सात आपल्याकडे घेतल्या.

"विल्फ," तो हळूच म्हणाला, "उशीर झाला. चल, उरकू या."

त्याने पाच-पाच लावली. मग हात लांब केला आणि समोरच्या बाजूला, विल्फच्या नावाने ठोकलं.

टक, टक.

काही झालं नाही. बाहेर पाऊस पडत होता. त्याने पाच-सहा लावली. आता एका टोकाला पाच, एका टोकाला सहा. पुन्हा विल्फची पाळी. त्याने हात लांब केला... आणि हात तिथेच थांबला.

सहा उघडा होता. त्या रात्रीही सहाच उघडा होता. आता आपण ठोकायचं म्हणजे पुन्हा सगळ्या जगाला सांगायचं की याने सहावर पाळी सोडली. त्याला ते जमेना. रीत त्याला पाठ होती, विसरला नव्हता तो. पण मन भरून आलं की माणसाचं डोकं चालत नाही. विल्फ लबाड नव्हता. दिसली असती तर त्याने लावली असती. मग लावू दे की एकदा.

क्लिफने समोरच्या सोंगट्या उलटून पाहिल्या. पहिली नाही. दुसरी नाही. तिसरी सहा-सहा.

"घे विल्फ," तो म्हणाला. "लावलीस तू."

आणि त्याने ती लावली.

छतातल्या दिव्यांची गुणगुण बंद झाली. दिवे चालू होते. आवाज तेवढा गेला. पावसाचाही गेला.

क्लिफची पाळी होती. त्याने आपल्या सोंगट्यांकडे पाहिलं. ठिपके नव्हते. त्याला वाटलं, डोळ्यात पाणी आलंय. पुसलं. पुन्हा पाहिलं. जिथे नजर जाईल तिथे मधोमध धुकं. एका सोंगटीवरून दुसरीकडे पाहिलं की धुकं तिकडे जायचं. सोंगटीच्या कडा दिसत होत्या. आपली बोटं दिसत होती. मध्ये... काही नाही.

त्याने मान वर केली. समोरची खुर्ची. तिच्यावरही धुकं.

त्याने नजर बाजूला वळवली, नुसती, भिंतीकडे. आणि मग डोळ्याच्या कडेने त्याला दिसलं.

खुर्ची रिकामी नव्हती.

तो सरळ पाही. धुकं. भिंतीकडे पाही. कोट. ओला, तपकिरी कोट. टेबलावर ठेवलेले दोन हात. चेहरा कळत नव्हता.

खोली वाट बघत होती. पाळी क्लिफची होती. तो सोंगट्या चाचपडू लागला, बोटांनी ठिपक्यांचे खळगे मोजू लागला. आकडा लागेना. अखेर त्याने तेच केलं जे अशा वेळी माणूस करतो. त्याने ठोकलं.

टक, टक.

आणि समोरून आवाज आला.

"बारा ठिपके, लेका. बारा. दिसले नाहीत तुला?"

आवाज विल्फचा नव्हता. क्लिफचा स्वतःचा होता. त्या रात्रीचा, मार्चमधला, चढलेला, मजा घेणारा. आणि त्यामागून सगळं डायर्स हसलं. गेलेली माणसं हसली. गेलेल्या भिंतींवरून ते हसू परत आलं. मग एकदम थांबलं.

क्लिफ मला म्हणाला, "मी कसा बोललो होतो, ते मला पहिल्यांदा ऐकू आलं."

त्या टेबलाशी तो रडत होता. पळून जावं असं त्याच्या मनातही आलं नाही. याचसाठी तर आला होता तो.

"विल्फ," तो म्हणाला. "चूक झाली माझी. मला माफ कर."



टक, टक.

समोरच्या बाजूला. टेबलाच्या काठावर.

क्लिफला वाटलं, ऐकलं नसेल. "पोरीने सांगितलं आज. डोळ्यांचं. मला माहीत नव्हतं रे. तू बोलला असतास तर..."

टक, टक.

"चार दारं होती. चारच. मी येणार होतो. ख्रिसमसला येणार होतो. दोनदा फाटकापर्यंत येऊन गेलो. विल्फ... माफ कर ना."

त्याने मुद्दाम भिंतीकडे पाहिलं. डोळ्याच्या कडेला तो हात उचलला गेला. सावकाश. रागाने नाही, हे क्लिफने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. शोधून बघितलेल्या माणसासारखा. सगळ्या सोंगट्या तपासल्या, पण जे हवं ते त्यात नाही, अशा माणसासारखा.

टक... टक.

माझ्याकडे काही नाही. पुढे चला.

तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. दिव्यांची गुणगुण परत आली, पाऊस परत आला. क्लिफला एकदम स्वच्छ दिसू लागलं. त्याच्या हातात सहा-चार होती, सहा-तीनही होती. दोन्ही लागणाऱ्या. समोरची खुर्ची रिकामी.

"अहो, काय झालं? बरं नाही का वाटत?" ब्रायनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्ता इथे कोणी आलं होतं?"

"दार वाजलं असतं तर मला खाली घंटी ऐकू येते. कोणी नाही आलं. चला, मी सोडते तुम्हाला घरी."

तिने त्याला हाताला धरून नेलं. सोंगट्या तिनेच भरल्या. सोमवारी क्लिफने पेटी न्यूझीलंडला रवाना केली आणि सोबत जॅनिसला पत्र लिहिलं. मार्चमधलं सगळं, जसंच्या तसं, स्वतःला काहीही सूट न देता. तिचं उत्तर आलं नाही. नंतरही कधी आलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो त्याला. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढे स्वच्छ डोळे आम्ही पाहिले नाहीत. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत तो गेला. झोपेत. शेवटपर्यंत दर गुरुवारी नऊ वाजता तो आपल्या घरच्या खिडकीशी जाऊन बसायचा आणि मी गेलो असलो तर मला बोलू द्यायचा नाही.

नाही, शर्वरी, त्याच्या नावाने कोणी ठोकलं नाही. डायर्समध्ये आता डॉमिनो कोण खेळतं? आणि मला विचारशील तर, माझी हिंमत झाली नाही.

हे सगळं म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ, असं तुम्ही म्हणणार. म्हणा. मीही म्हटलं असतं. पण क्लिफ माझ्याकडे येऊन सांगून गेला त्याच दिवशी दुपारी मी डायर्समध्ये गेलो. ब्रायनी टेबलाशीच वाकून उभी होती, हातात पॉलिश कागद. म्हणाली, "बघा हो, सहा आठवडे झाले नाहीत टेबल येऊन. खोक्यातून मी स्वतः काढलं. दुकानवाला म्हणतो, तुम्हीच काहीतरी आपटलं असेल."

आपटल्याचा खड्डा मला कळतो. चीर पडते, काठ फुटतो. हे तसं नव्हतं. समोरच्या बाजूला, काठापासून चार बोटं आत, लाकडात एक खळगा होता. दोन सांधे बसतील एवढा. तळाशी लाकूड काळपट आणि घासून घासून तुळतुळीत झालेलं, तीस-चाळीस वर्षं कोणी एकाच जागी ठोकत आल्यावर होतं तसं. तिने तो घासून काढला, लाकडाचा लगदा भरला, वर रंग दिला. आठवड्याने भरलेलं सगळं खाली भुगा होऊन पडलं होतं आणि खळगा होता तसा.

मी त्यात बोट घातलं होतं त्या दुपारी. बाहेर कडाक्याची थंडी, टेबल बर्फासारखं गार.

खळगा कोमट होता.